एंडमिल बदलली की पॉकेट पन्नास मायक्रॉन खोल. झीरो खातंय कोण?

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धा सांगितला तर उत्तरही अर्धंच येईल म्हणून सगळं लिहितो.

मी मूळचा हँडलवाला. ठाण्याच्या वागळे इस्टेटला तेवीस वर्षं एम-वन-टीआर (हाताने चालवायची मिलिंग) चालवली. तिथे झीरो (माप जिथून मोजायचं ती जागा) घेणं म्हणजे काय, तर टेबल वर घेत जायचं, कटर जॉबला लागून चिर्र झालं की हँडलची रिंग शून्यावर फिरवायची. बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) आड येऊ नये म्हणून कायम खालून वर यायचं. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे आणि पुन्हा वर. कटर बदलला की पुन्हा चिर्र, पुन्हा रिंग. एका वेळी एकच कटर, त्याचा एकच झीरो, आणि चुकला तर चुकवणारा मीच.

गेल्या दिवाळीत हिंमत करून सेकंडहँड व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी मिलिंग) घेतली. बीटी ४० टेपरचा स्पिंडल, फॅनुक झिरो-आय कंट्रोल, वीस टूलचं मॅगझिन. रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा. दिवसा मी आणि रात्री माझा भाचा. पोरगा आयटीआय झालेला, हात चांगला, फक्त घाई फार.

जॉब असा: ईएन८ स्टीलचा ब्लॉक, १२० बाय ८० मिमी, कच्ची जाडी २६, तयार जाडी २५ प्लस-मायनस ०.१. मध्ये पॉकेट म्हणजे कोरलेला खळगा, खोली १२, प्लस ०.०३ मायनस शून्य. टी१ म्हणजे वरचं तोंड सपाट कापणारा ६३ चा फेसमिल, पाच इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या धारांचा). टी२ पॉकेट कोरणारी बाराची कार्बाइड एंडमिल. मग साडेआठचं ड्रिल, एम१० टॅप (आटे पाडायला) आणि शेवटी चॅम्फर (कडा मारायला). लॉट ६० नगांचा.

पद्धत: पहिला नग फेस करून घेतो. त्याच तोंडावर एकेक टूल कागदाने टच करतो. कागद ओढताना अडकायला लागला की मशीन कोऑर्डिनेटचा झेड (उंचीचा आकडा) बघायचा, त्यातून कागदाचे ०.१ वजा करायचे आणि त्या टूलच्या एच मध्ये (लांबीच्या ऑफसेटमध्ये) भरायचं. जी५४ चा, म्हणजे जॉबच्या झीरोचा, झेड शून्य. सध्या टी१ ला -३३८.२१५ आहे आणि टी२ ला -३१२.६४०.

दिवसा सगळं सुरळीत. रात्री एंडमिलची धार गेली की भाचा नवी लावतो, माझ्यासारखीच टच करतो, आणि तिथून पुढे पॉकेट १२.०५ च्या वर. परवाच्या लॉटमध्ये ११ नग गेले. तो म्हणतो, "मामा, तुम्ही सांगितलं तसंच केलं." मी सकाळी येऊन तीच टूल स्वतः टच केली की बरोबर!

पार्टीचा माणूस रोज फोन करतोय. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलंय म्हणून गाळ्यावर पोचायला उशीर, आणि घरी बायको चलन बुकावरून तापलेली, ते वेगळंच. मशिनची चूक आहे, भाच्याची की माझी, एवढं कोणी सांगेल का?

बीटी_चाळीस (वागळे)

दादा, मी चौदा वर्षं मशीन सेटर आहे, तुमच्या आधीच्या गल्लीतलाच निघालो. दोन गोष्टी विचारतो.

पहिली, खोली दर नगाला थोडी थोडी वाढत जाते, की टूल बदलल्यावर एकदम उडी मारून तिथेच थांबते? हळूहळू वाढत असेल तर झीरोला शिव्या देऊ नका. ईआर कॉलेटमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या बुशमध्ये) एंडमिल कमी आवळली गेली असेल, तर कापताना तिचा पीळच तिला बाहेर ओढतो. टूल होल्डरमधून मायक्रॉन-मायक्रॉन खाली येते आणि पॉकेट खोल होत जातं. ते बघायला शँकवर (टूलच्या दांड्यावर) कॉलेटच्या तोंडाशी मार्करची रेघ मारून ठेवा. रेघ सरकली तर चोर तिथेच.

दुसरी, टच करताना टेपर (होल्डरचा स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता भाग) पुसला होता का? बीटी ४० चा टेपर ७/२४ आहे. कोनाचं गणित असं की टेपरवर सगळीकडून दहा मायक्रॉनचा थर राहिला तर टूल दहा नाही, सत्तरच्या आसपास खाली बसते. कचरा एका बाजूला असेल तर टूल तिरकी बसते, रनआऊट (फिरताना डगमगणं) वाढतो, मग तर काही सांगायलाच नको. चिंधी आत घालून स्पिंडलचा टेपर पुसा, होल्डरही पुसा. पुल स्टड (होल्डर वर ओढून धरायचा बोल्ट) ढिला नाही ना, तेही बघा.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉकेटची खोली तुम्ही मशिनच्या झीरोपासून मोजत नाही. डेप्थ मायक्रोमीटर टेकतो तो वरच्या तोंडावर, आणि ते तोंड टी१ ने कापलंय. म्हणजे तुमचे १२.०० हा टी१ आणि टी२ मधला मामला आहे. दोघांचे झीरो सारखेच चुकले तर पॉकेट बरोबर येईल, चुकेल ती जाडी. त्यामुळे गेलेल्या नगांची जाडीही सांगा.

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

भाच्याची वही काढली. जुन्या एंडमिलचे शेवटचे चार नग: १२.०१०, १२.०१२, १२.००८, १२.०१२. नवी लावल्यावर लगेच पुढचे तीन: १२.०५५, १२.०५८, १२.०५५. म्हणजे उडीच आहे, वाढत नाही. रेघही मारून बघितली, हलली नाही.

जाडी सगळ्यांची २५.०१. म्हणजे टी१ शहाणा आहे.

टेपर मी पुसतो. भाचा पुसतो असं म्हणतो.

जुना_फिटर

कागद कोणता?

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

कागद म्हणजे कागद साहेब. झेरॉक्सचा.

जुना_फिटर

तुमचा झेरॉक्सचा. भाच्याचा?

ऐरोलीची_प्रोग्रामर

काका, मी ऐरोलीला असते. मशिनं बसवून देणं आणि पहिला जॉब चालवून दाखवणं हेच काम. दादांचा मुद्दा बरोबर आहे, फिटर काकांचा प्रश्न त्याहून बरोबर आहे. पण कागद कोणताही निघो, पद्धतच बदला असं माझं म्हणणं.

तुमच्या पद्धतीत प्रत्येक टूल जॉबवर जाऊन टच होतं. पहाटे तीन वाजता टूल तुटलं की त्या वेळी व्हाइसमध्ये जो नग असेल तोच तुमचा झीरो. त्यावर बर (कापताना राहिलेली धारदार कड) असेल, कूलंट असेल, तो जेमतेम फेस झालेला असेल किंवा अजिबात झालेला नसेल. आणि टच करणारा हातही वेगळा. हाताच्या मशिनवर हे चालून जायचं, कारण कटर एक आणि माणूसही एकच. इथे पाच टूलं आणि दोन माणसं आहेत.

त्यापेक्षा टूलचा हिशेब आणि जॉबचा हिशेब वेगळा करा. एक ५० मिमीचा डायलवाला झेड सेटर (टूल टेकवून उंची बघायचं साधन) घ्या. टेबलावर, व्हाइसच्या बाहेर, एका कोपऱ्यात त्याची जागा ठरवा. सगळी टूलं त्या एकाच जागी, त्याच सेटरवर, डायल शून्यावर येईपर्यंत. जो मशीन झेड दिसेल तो जसाच्या तसा एच मध्ये. काही वजा नाही, काही अधिक नाही. वजाबाकीच नसेल तर ती चुकणारही नाही.

आता जॉब. सेटर उचला, त्याच जागी ५० चं स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) ठेवा. स्पिंडलला पपी डायल (बारीक फरक दाखवणारा) लावा, स्लिपवर टेकवून काटा शून्यावर आणा आणि रिलेटिव्ह झेड शून्य करा. मग पपी व्हाइसमधल्या पॅरललवर (जॉब ज्यावर टेकतो त्या पट्टीवर) न्या, काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत झेड हलवा. रिलेटिव्ह झेड जो दिसेल त्यात तुमचे २५ मिळवा. हा आला जी५४ चा झेड. कच्च्या तोंडाला हातच लावायचा नाही. पॅरलल हलत नाही, कच्चा माल नगागणिक बदलतो.

म्हणजे उद्या एंडमिल तुटली तर भाचा फक्त सेटरवर जाईल, जॉबकडे बघायचीही गरज नाही. नवीन जॉब आला तर तुम्ही फक्त जी५४ बदलाल, टूलं तशीच. जी४३ (टूलची लांबी धरायचा कोड) लागला की मशीन दोन्ही आकडे स्वतः जुळवतं.

हे सुरू करायच्या आधी जी५४ च्या पानावर सगळ्यात वर ०० नंबरचं एक्स्टर्नलचं खातं असतं, त्यात झेडला काही पडलेलं नाही ना ते बघा. सेकंडहँड मशिनवर आधीच्या मालकाचे आकडे तिथे राहिलेले मी दोनदा पाहिलेत. तो आकडा प्रत्येक ऑफसेटमध्ये गुपचूप मिळवला जातो.

फेसमिलसाठी एक लक्षात ठेवा. ६३ च्या फेसमिलचं सेंटर सेटरवर आणलंत तर खाली काहीच लागणार नाही, मधे नुसता बोल्ट आणि पोकळी. इन्सर्टची धार सेटरच्या बटणावर येईल इतकं एक्समध्ये सरकवा. आणि पाचही इन्सर्ट एका उंचीवर नसतात. स्पिंडल हाताने, कापतो त्याच्या उलट्या दिशेने, हळू फिरवा आणि डायलचा काटा सगळ्यात जास्त कुठे जातो ते बघा. सगळ्यात खालचा इन्सर्ट तोच, शेवटचं तोंड तोच कापतो. टच त्याच्यावर.

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

मंडळी, चोर सापडला. आधी ते सांगतो.

फिटर साहेबांच्या प्रश्नावर मी मनात हसलो होतो. तरी संध्याकाळी भाचा आला तेव्हा म्हटलं, माझ्यासमोर टच करून दाखव. पोरगं टेबलाकडे गेलं, ड्रॉवर उघडला, चलन बुक काढलं आणि मागच्या गुलाबी कॉपीचा एक तुकडा फाडला. झेरॉक्सचे कागद माझ्या कपाटात, कपाटाला रात्री कुलूप. त्याच्या हाताशी काय, तर चलन बुक.

बायको पंधरा दिवस ओरडतेय की गुलाबी कॉप्या अर्ध्या अर्ध्या फाटलेल्या आहेत, हिशेब लागत नाही. मला वाटलं उंदीर.

मग मायक्रोमीटर घेतला. एका कागदाचं माप नीट येत नाही म्हणून दहा-दहा कागद एकत्र धरले. झेरॉक्सचे दहा: १.०१. गुलाबी दहा: ०.५५. म्हणजे माझा कागद ०.१०, त्याचा जेमतेम ०.०५५. आणि वजा दोघंही ०.१ च करत होतो, कारण मी त्याला "कागदाचे शून्य पॉइंट एक" असं शिकवलं होतं. कुठल्या कागदाचे, ते सांगितलंच नव्हतं. पातळ कागदावर टूल आधीच ४५ मायक्रॉन खाली गेलेली, त्यात पूर्ण ०.१ वजा, म्हणजे ४५ मायक्रॉन जास्त खोल. १२.०१ अधिक ०.०४५ बरोबर १२.०५५. हिशेब असा जुळला की मी खुर्चीवर बसूनच घेतलं.

भाचा म्हणाला, "मामा, मी म्हटलं होतं ना तुमच्यासारखंच केलं." खरंच होतं ते.

ताई, सेटर मागवलाय. तोवर काय करू? रात्र तर आजही आहे.

जुना_फिटर

मी ठाण्यात टूलरूममध्ये होतो, आता घरी आहे. सेटर नव्हते तेव्हाही आम्ही साचे करत होतोच.

१० मिमीची डॉवेल पिन घ्या, ग्राइंड केलेली. मायक्रोमीटरने मोजा, ९.९९८ असेल तर ९.९९८ लिहा, १० लिहू नका. टूल जॉबच्या तोंडाजवळ आणा, पिन आडवी ठेवून खालून जाणार नाही इतकी खाली. पिन बाजूला काढूनच खाली यायचं. मग पिन टूलला लावून बोटाने पुढे-मागे हलवत राहा आणि हँडव्हीलने टूल वर घ्या. आधी ०.०१ च्या टप्प्याने, मग ०.००१ च्या. ज्या क्षणी पिन खालून सरकून पलीकडे जाते तो तुमचा आकडा. त्यातून पिनचं माप वजा.

उलटं करायचं नाही. पिन खाली आणि टूल वरून येतेय, असं केलं की कार्बाइडचा कोपरा गेला. पिन कडक, कार्बाइड ठिसूळ, आणि हँडव्हीलला हात किती जोराचा हे हाताला कळत नाही. वर येताना चुकलात तर नुसती पिन निसटते.

कागदाची आणखी एक गंमत. पावसाळ्यात तो ओलसर असतो. कूलंटचा हात लागला की फुगतो, दाबला की चेपतो. मी कागद फक्त रफिंगच्या टूलला लावत असे.

आणि भाच्याला रागावू नका. उंदरालाही.

आयटीआय_सेकंड_इयर

सर, मी शिकतोय म्हणून विचारतो. ड्रिल आणि टॅपलाही एवढं करायचं का? आणि थोडं करेक्शन द्यायचं असेल तर आकडा जिऑमेट्रीत (टूलच्या मूळ आकड्यात) बदलायचा की वेअरमध्ये (झिजेच्या दुरुस्तीत)? आमच्याकडे वेगवेगळे सर वेगवेगळं सांगतात.

बीटी_चाळीस (वागळे)

ड्रिलला एवढं लाडवायची गरज नाही. आरपार भोक असेल तर पन्नास मायक्रॉनने कुणाचं काही जात नाही. ड्रिलचं टोक मात्र लक्षात ठेव. ११८ अंशाचं ड्रिल असेल तर टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट धर. साडेआठच्या ड्रिलला अडीच मिमी. टच टोकावर होतो, पूर्ण व्यासाचं भोक त्याच्या अडीच वरपर्यंतच. टॅप ब्लाइंड भोकात असेल तर टॅपच्या पुढच्या निमुळत्या आट्याही मोज.

करेक्शन वेअरमध्ये. नेहमी. आणि फॅनुकवर "इनपुट" आणि "+इनपुट" या दोन बटणांतला फरक झोपेतही चुकला नाही पाहिजे. "इनपुट" जुना आकडा पुसून नवा टाकतं, "+इनपुट" आहे त्यात मिळवतं. वेअरमध्ये -०.०२ आहे, आणखी -०.०१ हवंय, तर -०.०१ लिहून "+इनपुट". नुसतं "इनपुट" दाबलंस तर -०.०१ राहील आणि तू डोकं खाजवत बसशील.

जिऑमेट्रीत हीच चूक केलीस तर काय होईल ते कुठली पद्धत आहे त्यावर. दादांसारखी पद्धत असेल, एच मध्ये -३१२ वगैरे मोठे मायनस आकडे आणि जी५४ शून्याच्या आसपास, तर -३१२ पुसून ०.०५ झालं की मशीन टूल वर न्यायला बघेल, ओव्हरट्रॅव्हलचा (हद्द ओलांडल्याचा) अलार्म येईल आणि उभं राहील. लाज जाईल, स्पिंडल वाचेल. पण प्रिसेटरवर (मशिनबाहेर टूल मोजायच्या यंत्रावर) मोजून टूलची खरी लांबी भरली असेल, म्हणजे एच मध्ये प्लस १४२ आणि जी५४ मध्ये मोठा मायनस, तर १४२ पुसला गेला की मशीनच्या मते टूलला लांबीच नाही. ते टूलला १४२ मिमी खाली घेऊन जाणार. थेट व्हाइसमध्ये.

हे मी पाहिलंय. स्वतःच्या हाताने केलंय, असं म्हणत नाही. नवव्या महिन्यात, पहिल्याच नोकरीत, फेसमिलचे पाचही इन्सर्ट एका आवाजात गेले आणि सुपरवायझर चहा घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. तो काहीच बोलला नाही. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नवीन ऑफसेट भरला की पहिली चाल सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापता सरकायचा वेग) २५ टक्क्यांवर, आणि जी४३ एच२ झेड१००. च्या ओळीला फीड होल्डवर (थांबवायच्या बटणावर) बोट. टूल थांबलं की जॉबच्या वर खरंच शंभर मिमी आहे का, पट्टी लावून बघतो. आणि टिंब! झेड१०० च्या पुढचं टिंब राहिलं तर पुष्कळ कंट्रोल त्याला ०.१ मिमी समजतात.

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

सेटर आला. सरफेस प्लेटवर ५० च्या स्लिपशेजारी ठेवून तपासला, काटा शून्यावर असताना दोन्हींवर पपी सारखीच फिरते. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात जागा केली. तिथे चिप्स येऊन पडतात म्हणून भाच्याने जुन्या डब्याचं झाकण उलटं घालून ठेवलंय. टच करायच्या वेळी झाकण काढायचं, पुसायचं, सेटर ठेवायचा. कल्पना त्याची, चांगली आहे.

एक्स्टर्नलच्या खात्यात झेडला शून्यच होतं. एक्सला मात्र -०.०४० पडलेलं होतं! दिवाळीपासून मी एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) घेऊनही भोकं ०.०४ सरकलेली का येतात म्हणून जी५४ मध्ये हाताने भरपाई करत होतो. ते आता वेगळंच निस्तरलं. ताई, याबद्दल चहा लागू.

आता तीन रात्रींचे आकडे. टूल बदलायच्या आधी १२.०१०, बदलल्यावर १२.०१२. दुसऱ्या रात्री १२.००८ आणि १२.०१०. तिसऱ्या रात्री टूल बदललीच नाही.

पण एक कुसळ राहिलंय. शुक्रवारी आमची सुट्टी, शनिवारी सकाळी आठला मशीन चालू करून मी लगेच नवी एंडमिल सेटरवर टच केली. पहिला नग १२.०१०. दुपारपर्यंत १२.०२५. टॉलरन्समध्ये आहे, पण कडेला आहे. रेघ हललेली नाही. कागद तर गाळ्यातच नाही आता.

ऐरोलीची_प्रोग्रामर

काका, थंड मशिनवर टच केलंत. स्पिंडल फिरला की गरम होतो आणि लांब होतो. लांब होतो म्हणजे त्याचं नाक खाली येतं. लोखंडाचा हिशेब साधारण असा की एक मीटरला एका अंशाला अकरा-बारा मायक्रॉन. तुमची टूल स्वतः शंभर-सव्वाशे मिमीची, ती दहा अंशांनी तापली तरी बारा-पंधरा मायक्रॉन. पण स्पिंडल, त्याचं हेड आणि झेडचा बॉलस्क्रू मिळून आणखी देतात.

आता बीटी दादा म्हणाले ते आठवा: खोली म्हणजे टी१ आणि टी२ मधला फरक. तुमचा टी१ गुरुवारी दुपारी गरम मशिनवर टच झालेला. टी२ शनिवारी सकाळी थंड मशिनवर. सकाळी दोघंही थंड मशिनवर कापत होते, तेव्हा टी१ थोडं कमी कापत होता...

थांबा, मग पहिल्या नगाची खोलीही जास्तच यायला हवी होती. टी१ कमी कापतोय म्हणजे तोंड उंच, टी२ बरोबर, खोली जास्त. तुमची तर सकाळी १२.०१० आली. शनिवारी टी१ ला हात लावला होता का? इन्सर्ट फिरवले होते का?

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

ताई, तुम्ही पोलिसात हव्या होतात. शनिवारी सकाळी इन्सर्ट फिरवले आणि टी१ ही थंडच टच केला. पण दहाच्या सुमारास एक इन्सर्ट चिपला, तो बदलून टी१ पुन्हा टच केला. तोपर्यंत मशीन तापलेलं.

ऐरोलीची_प्रोग्रामर

मग जुळलं. सकाळी दोघं थंडीतच टच झालेले, म्हणून खोली बरोबर. दहा वाजता टी१ गरम मशिनवर नव्याने टच झाला, त्याचा हिशेब सुधारला. टी२ सकाळच्याच आकड्यावर राहिला, तो आता वाढीइतका जास्त खोल जातोय. पंधरा मायक्रॉन म्हणजे फार नाहीत.

उपाय सोपा आहे. सकाळी मशीन चालू केल्यावर वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवा, आधी कमी आरपीएम, मग वाढवत कामाच्या आरपीएमपर्यंत, सोबत झेडही वर-खाली. तोवर तुमचा चहा, चिप्स काढणं, झाडणं. मग टच. आणि मधेच एखादं टूल बदलावं लागलं तर टी१ आणि टी२ दोन्ही पुन्हा टच करा, दोन मिनिटांचं काम आहे. ड्रिल-टॅपला सोडून द्या.

प्रोब बसवायचा कधी विचार केलात तर टेबलावर बसणारे टूल सेटर येतात, रेनिशॉचे वगैरे, तेच टच घेतात आणि आकडाही तेच भरतात. पण एका जॉबच्या जोरावर आत्ता घेऊ नका. तुमच्या दोन टूलांसाठी डायलवाला पुरे.

जुना_फिटर

ते गेलेले ११ नग भंगारात टाकले का?

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

नाही, कोपऱ्यात पडलेत. बघवत नाहीत.

जुना_फिटर

जाडी २५.०१ आहे ना? टॉलरन्स ०.१. वरच्या तोंडावरून ०.०४ काढा. पॉकेट १२.०१५, जाडी २४.९७. दोन्ही पास.

फेसमिलने काढायला जाऊ नका. ०.०४ मध्ये इन्सर्ट कापणार नाही, घासेल आणि चकाकी देऊन निघून जाईल. सरफेस ग्राइंडरवर द्या. मॅग्नेटवर ठेवायच्या आधी खालच्या तोंडाची बर दगडाने काढा, चार कोपऱ्यांवर डायल फिरवा. चॅम्फर ०.०४ ने लहान होईल, तो कोणी बघत नाही. ग्राइंडिंगचं तोंड मिलिंगपेक्षा वेगळं दिसतं, म्हणून पार्टीला आधी फोन करून विचारा. न विचारता पाठवलंत तर तेवढ्यावरूनच परत येतील.

गाळा_नंबर_नऊ (रबाळे)

पार्टीला फोन केला, तो म्हणाला मापात असेल तर चालेल, चलनावर लिहून द्या. महापेला ग्राइंडिंगवाल्याकडे टाकले. ११ पैकी १० पास झाले. एकाला खालून बर राहिली होती, तो तिरका निघाला. तो पेपरवेट केला, झेरॉक्सच्या कागदांवर ठेवलाय.

बीटी दादा, पट्टी लावून शंभर मिमी बघायची सवय भाच्यालाही लावली. पहिल्या दिवशी त्याने पट्टी लावली आणि म्हणाला, "मामा, १०२ आहे." मला घाम फुटला. पट्टीचं टोक झिजलेलं निघालं.

फिटर साहेब, चलन लिहायला घेतलं तर बुक सापडेना. बायकोने कपाटात कुलपात ठेवलंय, किल्ली तिच्या पर्समध्ये. रात्री माल गेला तर चलन कसं द्यायचं विचारलं, तर म्हणाली, आधी सांगून ठेवायचं.